लाल उजेडातला हात

कळव्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या मॅडम फिजिक्सवाल्या. धड घट्ट नाही, धड पातळ नाही अशा पदार्थांवर त्यांचं संशोधन चालतं आणि शरीरातून उजेड कसा जातो यावरही. जेवायला आल्या की आधी श्रीखंडाची वाटी तिरकी करून ते कधी ओघळतंय ते बघत बसतात. ही बाई खाते की तपासते, असं मला वाटायचं. "अगं, खा आता!" आई ओरडायची. काहीही विचारा, मॅडमचं उत्तर एकच, "बघूया ना."

आई आजारी पडली तेव्हा सलाइन लावायला सिस्टर घरी आली. शीर काही सापडेना. दोन्ही हात टोचून झाल्यावर आईने ते पदराखाली लपवले. "पुरे. मला काही नको."

मी मॅडमना हाक मारली. त्या छोटी लाल बॅटरी घेऊन आल्या, ट्यूबलाइट बंद केली आणि बॅटरी आधी स्वतःच्या तळव्याखाली धरली. "काकू, बघा, दुखत नाही." मग आईने हात पुढे केला. लाल उजेडात शिरा काळ्या रेघांसारख्या उमटल्या आणि सुई लगेच लागली.

"लाव आता दिवा," आई म्हणाली.

"थांबा ना काकू, किती सुंदर दिसतोय हात!"

दिवा लागल्यावरही आईने तो हात पदराखाली नेला नाही.