भिंतीवर चढणारी बोटं

आमचे बाबा रंगारी. छतं रंगवून रंगवून त्यांचा खांदा आखडला, संशय मात्र आयुष्यात कधी आखडला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आईबाबांना बसवून नीट समजावलं होतं: कोपर बरगडीला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढा, खांद्याचे आतले स्नायू बळकट होतील, मग भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर न्या.

घरी येताच बाबांनी पट्टा फळीवर फेकला. "रबर ओढून खांदा सुटतो होय? बाई आपल्याला बनवतेय!"

काही दिवसांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटांचे डाग दिसले. बाबांनी स्वतः रंगवलेली भिंत! त्यात पट्टाही फळीवरून गायब. "कुठंतरी पाणी मुरतंय," म्हणत त्यांनी माझे हात तपासले, वहिनीचे तपासले. आईकडे पाहिलंसुद्धा नाही. डाग मात्र रोज थोडे वर सरकत होते.

शेवटी एका सकाळी ते दाराआड दबा धरून बसले. मीही मागे उभी होते. आई आली, भिंतीसमोर उभी राहिली आणि दातावर दात दाबून बोटं वर चढवू लागली. खांद्याच्या वर हात जाईना.

बाबा पुढे झाले. "तुझाही खांदा दुखतो?"

"तुमच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

आईने हात खाली घेतला नाही. "बोलले होते. कामं टाळायला नाटकं करतेस, म्हणालात."