ताणावरची बाग आणि थुंकलेल्या गोळ्या

जालन्याच्या डॉक्टरांनी माझ्या डोक्याचा एमआरआय, म्हणजे मशीनीत घालून काढलेला फोटो, उजेडात धरला. म्हणले, "बाबा, हे पांढरे ठिपके दिसतात ना? याला व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात."

मला कळलं न्हाई. मंग त्यांनी सोपं करून सांगितलं. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या बीपीनं खराब झाल्या. जिथं रक्त पोचलं न्हाई तेवढी जागा मेली, म्हणून विसर पडतो.

मला शिसारी आली. रोगाची न्हाई, माझीच.

हसनाबादला माझी मोसंबीची बाग आहे. बहार धरायला हिवाळ्यात पाणी बिलकुल तोडतो, त्याला ताण देणं म्हणतात. यंदा अर्ध्या ताणात कोणीतरी ठिबकच्या पाण्याचा कॉक खोलला. फुलाऐवजी नुसता पाला फुटला. चार माणसांत मी सुनेचं, कमलचं नाव घेतलं.

ती म्हणली, "मामा, तुम्हीच खोलला. मी पाह्यलं."

मी तिला खोटारडी म्हणलो. चार दिस तिच्या हातची भाकर खाल्ली न्हाई. पोरगा दत्ता मला धरूनच दवाखान्यात घेऊन आला.

तिथं दोन घंटे बसलो. भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. नाक मुरडलं, अन् खिशात माझीच तंबाखूची पुडी. आत डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी चौथी शिकलो, घड्याळ मला येतं. पण सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले. तो कागद फाडून टाकावा वाटला.

डॉक्टरांनी इचारलं, "बीपीची गोळी रोज घेता ना?"

सहा वर्षांपासून कमल रोज सकाळी हातावर ठेवायची. मी गालात धरायचो अन् ती वळली की गोठ्यात थुंकायचो. काही दुखत न्हाई तर गोळी कशाला, ही माझी अक्कल. ओळीतलं शेवटचं झाड वाळलं तर मी झाडाला दोष देत न्हाई, ठिबकची नळी पाहतो, ॲसिड सोडून क्षार काढतो. अन् स्वतःच्या नळ्या कुजवल्या. दत्तासमोरच डॉक्टरांना थुंकलेल्या गोळ्यांचं खरं सांगितलं.

डॉक्टर म्हणले, "गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळा."

घरी आलो. कमल चुलीपाशी होती. मी म्हणलो, "कॉक मीच खोलला आसंल."

तिनं मान वर केली न्हाई. "‘आसंल’ न्हाई मामा, नीट म्हणा."

तोंड कडू झालं. म्हणलो, "खोलला. चार माणसांतबी सांगतो."

सांगितलं.

तुमच्याबी घरात असा म्हातारा आसंल, तर त्याच्या गोळीवर अन् बीपीवर ध्यान ठेवा. तंबाखू मी गोठ्याच्या उकिरड्यात फेकली, तरी हात खिशात जातोच. कॉकची चावी आता कमलच्या कमरेला आहे. रोज गोळी देऊन ती म्हणते, "मामा, आ करा." मी आ करतो. लाज वाटते, पण तिचे उपकार हैत, ती आतवर पाह्यल्याबिगर सोडत न्हाई.