प्रज्ञानं कापलेली नळी

माही पोरगी भित्री आहे असं ज्याले म्हणायचं असंल, त्यानं आधी माह्यासमोर येऊन म्हणावं. मी शकुंतला, बोरगावची. माही प्रज्ञा सौंसरच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. भंगारातली जुनी कार आणून तिनं आमच्या अंगणात तिच्यात मोठं इंजिन बसवलं. दोन वर्षं आम्ही त्या कारच्या बाजूनं अंग चोरून घरात जात होतो. रविवारी नागपूरकडं मातीतली कारची शर्यत होती, न तिथं प्रज्ञा पहिल्यांदा गाडी पळवणार होती.

अडलं एका नळीवर. टाकीतून इंजिनाले पेट्रोल नेणारी नळी नागपूरहून येणार होती, ती काही आली नाही. शुक्रवारी माहा भाऊ उत्तम आला. फाटकातूनच दणकून जय भीम घालणारा माणूस. जन्मभर संत्र्याच्या बागा फवारल्या त्यानं. त्यानं फवारणीच्या पंपाची पिवळी नळी आणली न पोरगी कामावर असतानाच बसवून टाकली. आमच्याकडं हेच चालते. मोटरसायकलची नळी फाटली, की फवारणीची लावा. उत्तमच्या गाडीलेही तीच.

संध्याकाळी प्रज्ञानं बोनेट उघडलं न ब्लेडनं नळी कापली. उत्तमचं तोंड उतरलं.

"अवं, झाडाच्या शेंड्यावर पाणी फेकते ती. किती जोर झेलते, मालूम हाय तुले?"

"जोर झेलते मामा, पेट्रोल नाही झेलत. औषधाच्या पाण्यासाठी बनली ती. पेट्रोलनं फुगते, मंग कडक होऊन तडकते. गरम सायलेन्सरवर पेट्रोल गळलं, तर मी आत पट्टा बांधून बसली राहीन. मले या इंजिनाचं प्रेशर झेलणारी पेट्रोलचीच नळी पाहिजे. रविवार गेला तर जाऊ द्या."

उत्तम फुगून निघून गेला. कापलेला तुकडा तिनं पेट्रोलच्या बाटलीत टाकला, बूच घट्ट लावलं न बाटली चुलीपासून दूर ठेवली.

गल्लीत लोक बोललेच. दोन वर्षं खटपट केली न ऐन वेळी भ्याली म्हणे. उचलली जीभ न लावली टाळ्याले. शेजारची कुसुम म्हणाली, "एका दिवसानं काय होते वं?" मी म्हटलं, "जळाले एक दिवस नाही लागत, बाई." पी हळद न हो गोरी, असं गाडीत चालत नाही.

रविवारी शर्यत तिच्याविना झाली. पोरगी कारच्या टपाले टेकून रडली, मीही रडली. पण वाकली नाही ती.

संध्याकाळी उत्तम तिची समजूत काढाले आला. तिनं बाटली त्याच्या हाती दिली. पेट्रोल पिवळं झालं होतं. नळी फुगून लिबलिबीत झालेली. त्यानं तुकडा काढून दाबला, तर आतला थर नखाशी सुटून आला. चहा न पिताच तो उठला.

सोमवारी सकाळी तो मोटरसायकल ढकलत आला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून, घामानं निथळत. त्याची नात तेजस्विनी रोज त्याच गाडीच्या टाकीवर बसून शाळेत जाते. आज ती मागून पायी चालत होती, पाठीवर दप्तर घेऊन. जय भीम म्हणायचंही त्याले सुचलं नाही.

"चालू नाही केली म्या," तो प्रज्ञाले म्हणाला. "आधी ही नळी काप, पोरी."