श्रद्धांजलीच्या मागची बाजू

नोकरी गेल्यावर माणूस रिकामा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांची नोकरी कधी गेलेली नसते. रामदासपेठेतलं आमचं ऑफिस बंद पडलं, मी हिशेब विभागातून थेट घरी आले आणि पहिल्याच सोमवारी सगळ्यांच्या कामाची झाले. घरीच आहेस तर सिलिंडरवाला येईल, बघ. घरीच आहेस तर वरच्या काकूंना दवाखान्यात नेऊन आण. नवऱ्याची नोकरी करारावरची, म्हणजे आज आहे, उद्या साहेबांची मर्जी. घर खरं तर माझ्याच पगारावर उभं होतं. मला काम शोधायला हवं होतं आणि घरी बसून काम शोधायला वेळच मिळत नव्हता. म्हणून मी सार्वजनिक वाचनालयात जायला लागले.

दुसरं कारण कूलर. मे महिन्यात नागपुरात फुकट गारवा देणाऱ्या जागा मोजक्याच, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी कोणीतरी येऊन 'काय दाखवू, मॅडम?' विचारतं. वाचनालयात कोणी काही विचारत नाही. आतल्या हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी बसायची. खुर्च्यांवर त्यांनी बाटल्या आणि ओढण्या टाकून जागा धरलेल्या असायच्या, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तशा. मला जागा मिळाली ती बाहेरच्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर, निवृत्त काकामंडळींमध्ये.

या टेबलाचा एक कायदा होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे सगळे पाळायचे. सकाळी पेपर आला की त्याची पानं सुटी व्हायची आणि ज्येष्ठतेप्रमाणे उजवीकडे सरकत जायची. दुसऱ्याच्या हातातलं पान मागायचं नाही. मागणं म्हणजे पंगतीत शेजारच्याच्या ताटात हात घालणं. मी सगळ्यात नवी, म्हणजे शेवटची. छोट्या जाहिरातींचं पान माझ्यापर्यंत येईस्तोवर दुपार टळायची आणि 'हिशेबनीस पाहिजे'वाल्याला अर्ध्या शहराने फोन केलेला असायचा. मोबाइलवर नोकऱ्या नव्हत्या असं नाही. पण तिथे आधी वय विचारायचे, आणि पंचेचाळीस लिहिलं की पलीकडून कोणी बोलायचंच नाही. दुकानदार मंडळी मात्र अजून पेपरातच जाहिरात देतात आणि वय विचारत नाहीत, फक्त सुट्या किती घेता ते विचारतात.

त्या पानाची गंमत अशी की एका बाजूला नोकऱ्या आणि दुसऱ्या बाजूला श्रद्धांजल्या. एकीकडे माणसं पाहिजेत, दुसरीकडे माणसं गेली. पहिला मान होता माझ्या बरोबर समोर बसणाऱ्या काकांचा. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आवाज अजून टर्बाइनवर मात करण्याइतका. ते पान दोन्ही हातांनी ताठ उभं धरायचे आणि गेलेल्यांची बाजू वाचायचे. सुरुवातीला मोठ्याने एखादा शेरा यायचा. "याले त मी ओळखत होतो. मेल्या म्हशीले मणभर दूध." मग काका गप्प व्हायचे, आणि ते पान तसंच उभं राहायचं.

माझ्या बाजूला अर्थात नोकऱ्या यायच्या. मी चोरून वाचायचे. मान न हलवता डोळे खाली-वर करायचे, पेन्सिलीने फोन नंबर उतरवायचे आणि काकांना कळू नये म्हणून मधूनच कूलरकडे बघायचे. काका वाचायला इतका वेळ लावायचे की बाकीचे वैतागायचे. उजवीकडचे निवृत्त मास्तर एकदा म्हणाले की तुमचं वाचून होईपर्यंत मेलेला माणूस दुसरा जन्म घेऊन दहावीला बसेल. मलाही मनातून हसू यायचं. इतका वेळ तर घरच्यांनीही शोक केला नसेल.

मी काम शोधते आहे हे टेबलावर आठवड्यात सगळ्यांना कळलं. मग उत्साहाला भरती आली. ग्रंथपाल बाईंनी आतला कॉम्प्युटर वापरू दिला आणि माझा बायोडेटा तिथेच छापला. काकामंडळींनी तो दुरुस्त केला. मास्तरांनी समास सोडायला लावला. खापरखेडावाले काका म्हणाले, फोटो एवढासा काहून? ओळखू आला पायजे. शेवटी माझा फोटो निवडणुकीला उभी असल्यासारखा मोठा झाला. तो कागद पारदर्शक प्लास्टिकच्या फायलीत घालून मी पर्समध्ये बाळगू लागले.

एक दिवस काकांनी पान खाली केलं आणि जाहीर केलं की पंपांच्या एका जुन्या दुकानाचा हिशेबनीस वारला. माझ्या आधी त्यांनाच नोकरी लागल्यासारखा चेहरा झाला होता. मी म्हटलं, काका, असं बरं दिसत नाही. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं.

"आपण नोकरी मागाले कुठं जाऊन राहिलो? आपण बसाले जाऊन राहिलो. दुःखात आलेल्याले कोणी हाकलत नाई."

आणि मी गेले. गरज माणसाला कुठे कुठे नेते याची मला तोवर कल्पना नव्हती. घरात सतरंजी, भिंतीशी गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो, पुढे दिवा आणि ताटात झेंडूची फुलं. बायको एका कोपऱ्यात बसली होती. आपण कुठले, असं तिने विचारल्यावर काका न अडखळता म्हणाले की आमचा संबंध पेपरातून आला. आणि हे खोटंही नव्हतं.

मला खरोखरच रडू आलं. कशाचं, ते नीट सांगता येणार नाही. थोडं त्या बाईचं, थोडं माझं. रुमाल काढायला पर्स उघडली आणि फाईल सतरंजीवर घसरली. मी हात पुढे करण्याआधी घरातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी ती उचलली. प्लास्टिकमधला बाईचा भलामोठा फोटो पाहिला, हीसुद्धा घराण्यातलीच कोणी गेलेली असणार असं ठरवलं, आणि ती फाईल हाराच्या फोटोशेजारी टेकवून ठेवली. वर दोन फुलं वाहिली.

आता उठून आपला बायोडेटा कसा मागणार? लोक येत होते, फोटोला नमस्कार करत होते, आणि ओघाने मलाही करत होते. मी पदराने अर्धं तोंड झाकून बसले. शेवटी पंपांच्या दुकानाचे मालक आले. त्यांनी आपल्या हिशेबनिसाला फुलं वाहिली, डोळे पुसले आणि मग माझ्यापुढेही मनापासून हात जोडले. ज्यांच्यासमोर मी मुलाखतीला उभी राहणार होते, त्यांनी मला आधीच सद्गती चिंतली होती.

बाहेर आल्यावर मी काकांवर भयंकर चिडले. उद्यापासून वाचनालयात येणार नाही म्हणाले. काका चपला घालत शांतपणे म्हणाले, "अर्ज त पोचला."

दोन दिवस खरोखरच गेले नाही. त्या दोन दिवसांत तीनदा दळण आणलं. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. काकांनी पान उभं धरलं.

तेरवी आटोपल्यावर एक फोन आला. अनोळखी बाईचा आवाज, जरा दबकत.

"ताई, तुमी जिवंत आहा ना?"

मी हो म्हटलं. ती त्या हिशेबनिसाची बायको होती. आवराआवर करताना फाईल हातात आली, खाली अनुभव आणि फोन नंबर दिसला. तिने तो कागद मालकांना दाखवला होता. तिकडे हिशेब तुंबले होते. "माह्या माणसाची खुर्ची आहे, ताई. नीट बसजा," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. मालकांनी मला पाहिलं तेव्हा ते क्षणभर दचकले, पण कामावर घेतलं.

त्यानंतर एका सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, पेढे घेऊन मी वाचनालयात गेले. माझ्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, भर सकाळी वाचनालयात; म्हणजे यांचंही ऑफिस गेलेलं. काका पान उभं धरून होते. मी पहिल्यांदाच त्यांच्या बाजूला बसले आणि श्रद्धांजल्यांवर नजर टाकावी म्हणून वाकले.

काकांचा चष्मा खिशात होता. डोळे मिटलेले होते. पान धरलेले हात मात्र ताठ, आणि थोडे थरथरत होते.

मी हळूच विचारलं, "काका, वाचून राहिले का झोपून राहिले?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "माह्यं त कवाच झालं वाचून. आता खाली ठेवलं त मास्तरकडे जाते." मग त्यांनी हनुवटीने पानाकडे खूण केली. "समोरच्याचं होऊ दे."

समोरचे गृहस्थ मान न हलवता वाचत होते आणि मधूनच कूलरकडे बघत होते. मी पेढ्यांचा पुडा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडचं पानाचं टोक धरलं.