दिवसा झोपणाऱ्याचं घर

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. बेकरीतला कारागीर लांब दांड्यानं पावांचे शेवटचे पत्रे भट्टीबाहेर ओढतो आहे. उजव्या मनगटावर गेल्या आठवड्यात भाजल्याची पट्टी आहे. शेजारी उभा असलेला जोडीदार म्हणतो, “आज तरी घरी जाऊन झोप. परत डुलकी लागली तर या खेपेला तूच भाजून निघशील.”

“झोपतो. साडेअकराला,” कारागीर म्हणतो.

त्याचं घर एका खोलीचं. पूर्वी तो पावणेआठला यायचा आणि आडवा व्हायचा. बायको त्याच सुमाराला शिवणकामाच्या कारखान्यात जायची. साडेतीनला उठून त्याला सायकलवरून दुकानादुकानांत पाव पोचवायचे असत. तोवर त्याची आई आणि साडेतीन वर्षांची मुलगी, घरच्यांची ठकी, त्याच्या पायाशी बसून राहायच्या. भांडं आपटायचं नाही, बादली सरकवायची नाही. ठकीला ती रांगत होती तेव्हापासून ओठांवरचं बोट कळतं. दूध हवं असेल तर ती पेल्याकडे बघते, बाहेर जायचं असेल तर चपलेकडे. आजी लगेच उठते. “तुमच्याकडे मूल आहे की मांजर?” असं शेजारीण कौतुकानं विचारायची आणि घरातल्यांना बरं वाटायचं.

बालवाडीत मात्र ठकी दुपारचे दोन तास तशीच बसू लागली. बाईंनी आधी तिचे कान तपासून घ्यायला सांगितलं. कान ठणठणीत निघाले. मग बापाला बोलावणं आलं.

“घरी तिच्याशी बोलतं कोण?” बाईंनी विचारलं.

“सगळेच बोलतो. हळू.”

“हळू म्हणजे कसं? बोलून दाखवा बरं.”

त्यानं बोलून दाखवलं. टेबलापलीकडे बाईंना काहीच ऐकू आलं नाही. “आता माझेच कान तपासावे लागणार,” त्या म्हणाल्या.

ठकीला समजत सगळं होतं. घोडा कुठाय म्हटलं की घोड्याच्या चित्रावर बोट ठेवायची. हे काय आहे विचारलं की बाईंचं बोट धरून त्याच चित्रावर टेकवायची. महिनाअखेरीला तिच्या बरोबरीची मुलं वरच्या वर्गात जाणार होती. तिथे गोष्टी सांगतात, गाणी म्हणतात, मग अक्षरं येतात. ठकीनं तोंड उघडलं नाही तर तिला वर्षभर धाकट्यांतच ठेवावं लागेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

“तिला शेजारी सोडू का? त्यांच्याकडे दिवसभर टीव्ही चालू असतो.”

“टीव्ही तिच्या उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही जे करताय ते तिला सांगा, आणि मग गप्प बसून तिची वाट बघा.”

तेव्हापासून तो पावणेआठला आला की आडवा न होता साडेअकरापर्यंत ठकीजवळ बसू लागला. सांगणं त्याला जमलं. वाट बघणं जमेना. रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस गप्प बसला की झोपतोच. पहिले काही दिवस तो “हा बटाटा. आता काय करू?” एवढं विचारायचा आणि भिंतीला टेकून घोरायला लागायचा. ठकी सोललेला बटाटा हातात घेऊन शहाण्यासारखी बसून राहायची. झोप अर्धी झाली, मनगट भाजलं ते त्याच आठवड्यात.

“पोरगी बोलेल तेव्हा बोलेल,” त्याची आई म्हणाली. “तुझा हात गेला तर खाणार काय?”

तिचं चूक नव्हतं.

परवा तो ठकीला कणीक फुगण्याबद्दल सांगत होता. “पीठ मळलं. ओलं फडकं टाकलं. अंधारात ठेवलं. सकाळी बघतो तर…” आणि त्याचे डोळे मिटले.

“मग?” ठकी म्हणाली. चांगलं खणखणीत म्हणाली.

आजीचं बोट सवयीनं ओठांवर गेलं. ठकीनं तोंड मिटलं.

“आई, बोट काढ,” तो डोळे न उघडताच म्हणाला.

“मी तुझ्याच झोपेसाठी…”

“माहितीये. काढ.”

म्हातारीनं हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. ठकी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. तो जागा राहण्यासाठी गालाची आतली बाजू चावत होता.

“मग?” ठकीनं पुन्हा विचारलं, या वेळी जरा दबकत.

“मग पीठ फडक्याबाहेर आलेलं.”

काल त्यानं बाईंना हे सांगितलं. बाई म्हणाल्या, एका शब्दावर वर्ग बदलत नाही. महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत, बघू. त्यानं मान हलवली. बायकोनं कारखान्यात सुट्टी मागून पाहिली, मिळाली नाही. बेकरीच्या मालकानं पाळी बदलायला नकार दिला.

आजही तो पावणेआठला घरी येईल, ठकीशी बोलत बसेल, साडेअकराला झोपेल आणि साडेतीनला सायकल काढेल.