नाताळच्या पहिल्या नंबरासाठी

विलायतेतल्या लोकांचं मला एक फार आवडतं. नाताळच्या आठवड्यात सगळ्यात जास्त ऐकलेल्या गाण्यांच्या यादीत कुठलं गाणं पहिल्या नंबरावर येणार, यावरून अख्खा देश हिरिरीने भांडतो. पैजा लागतात. बरं, गाणारे सगळे नामवंतच असतात असंही नाही. दवाखान्यातल्या नर्सबाया, गावातले म्हातारे, कुणीही गाणं काढावं आणि बड्या गायकांसमोर दंड थोपटावेत! याला म्हणतात सण. आमच्या सोसायटीच्या गॅदरिंगला माइक हातात मिळायचा तर सेक्रेटरीची ओळख लागते.

मला हे कळलं ते ऑफिसमुळे. बेंगळुरूच्या बनशंकरीत घरी बसून मी ज्या इंग्रज सहकाऱ्याबरोबर काम करते, त्याच्या आईने गावातल्या बायकांना घेऊन असंच एक गाणं काढलं होतं. आई खूप आजारी. पुढचा नाताळ दिसणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. तिची एकच इच्छा होती, यादी जाहीर होताना आपलं गाणं रेडिओवर ऐकायचं.

मग काय, मी पदरच खोचला! टीममधल्या सगळ्यांच्या फोनवर गाणं सुरू. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण अक्का राहतात, पिढ्यान्पिढ्या इथेच रुजलेल्या मराठी. त्यांच्याही फोनवर लावून दिलं. अक्कांना इंग्रजीचा गंध नाही, पण दोन दिवसांत त्याच म्हणायला लागल्या, "ते आजीबाईंचं गाणं स्वल्प मोठ्यानं लाव गं."

गुरुवारी मी सहकाऱ्याला ऐटीत सांगितलं, "आमचं बेंगळुरू तुझ्या आईच्या बाजूने आहे हं!" तो घुटमळला. मग हळूच म्हणाला, त्यांच्या यादीत फक्त त्यांच्या देशात ऐकलेलं धरतात. अगं बाई! म्हणजे आठवडाभर वाजवलेलं सगळं पाण्यात? असा संताप आला मला, आणि तो काढायचा तरी कुणावर?

शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. आदल्या संध्याकाळी यादी लागली होती आणि गाणं त्यात कुठेच नव्हतं. आई कालपासून भिंतीकडे तोंड करून पडलीय, कुणाशी बोलत नाही, म्हणाला. "फोन तिच्या कानाशी धर," म्हटलं आणि तशीच जिना उतरले.

अक्का अवऱ्याच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या.

"अक्का, ते गाणं म्हणा बघू. त्या आजी ऐकतायत."

"अय्यो, मला शब्द कुठं येतात?"

"शब्द मरू देत हो!"

अक्कांनी हात पदराला पुसले. शब्दांच्या जागी नुसतं ला-ला घालत, मांडीवर भजनाचा ठेका धरत त्यांनी सुरुवात केली. चाल मात्र बरोब्बर. दुसऱ्या ओळीला फोनमधून एक बारीक, कापरा आवाज त्यांच्यात मिसळला. अक्का दचकून थांबल्या.

"थांबू नका म्हणावं त्यांना," पलीकडून मुलगा रडत म्हणाला. "आई गातेय."