बेलवलीला उतरलेलं विमान

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भूषणला मी तोंडावर ‘पायलट’ म्हणते आणि पाठीमागे ‘येडा’. दोन्ही प्रेमानंच. पूर्ण नाव बुद्धभूषण सदाशिव शेजवळ. नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, रंगाच्या एका कंपनीत, मेन्टेनन्सला. चाळिशी ओलांडली, पोट थोडं सुटलं, पण आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नाही. तरी विमानाच्या खिडकीतून काय दिसतं ते त्याच्याइतकं बदलापूरच्या अख्ख्या बेलवलीत कुणी पाहिलं नसेल.

म्हणजे व्हिडिओत. जगात काही रिकामटेकडे लोक असतात, ते खिडकीची सीट घेतात, मोबाइल काचेला लावतात आणि विमान सुटल्यापासून थांबेपर्यंत सगळं शूटिंग करून नेटवर टाकतात. दुसरे रिकामटेकडे ते बघतात. भूषण या दुसऱ्यांतला. त्यातही त्याचे नखरे. पंखाच्या मागची सीट हवी, म्हणजे उतरताना पंखाच्या फळ्या उघडलेल्या दिसतात. व्हिडिओत कुणी बोलायचं नाही. गाणं तर बिलकूल नको. “काकू, खिडकीतून कधी बासरी ऐकू येते का?” असं मलाच विचारायचा. मी म्हणायचे, बाबा रे, मला माझ्या खिडकीतून मागच्या बिल्डिंगचे ड्रेनेजचे पाइप दिसतात, मला कशाला विचारतोस.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये तो टीव्ही घ्यायला गेला तेव्हा त्याची बायको नेत्रा आणि मी बरोबर होतो. दुकानदार सिंधी, बोलायला गोड. “साईं, मॅच देखने का है तो ये बडावाला लेलो.” भूषण म्हणाला, “मॅच नहीं, बादल देखने का है.” दुकानदारानं नेत्राकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तिनं मान खाली घातली. परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, “काकू, लोकांचे नवरे दारू पितात, त्यांना निदान व्यसनमुक्ती केंद्र तरी असतं. याला मी कुठं नेऊ?”

सुरुवातीला हा सगळा हसण्यावारी नेण्याचा विषय होता. घरात तेव्हा अण्णा आणि बनूबाई, भूषणचे आईवडील, दोघंही धडधाकट होते. अण्णा मूळचे सिन्नरकडचे, उभा जन्म एमआयडीसीत मशीनवर गेला. बनूबाई माझी मैत्रीण. अण्णा रिटायर झाले की दोघांना विमानानं गयेला न्यायचं, बोधिवृक्ष दाखवायचा, असं भूषणनं कबूल केलं होतं. कुठं बसायचं तेसुद्धा ठरलेलं. डाव्या बाजूला, पंखाच्या मागं, खिडकीत आई आणि तिच्या शेजारी अण्णा. “आणि तू?” मी विचारलं. म्हणाला, “मी त्यांच्या पुढच्या खिडकीत.” या हिवाळ्यात जाऊ, पुढच्या हिवाळ्यात जाऊ, असं करता करता बनूबाईच्या किडन्या गेल्या आणि मग बनूबाईही गेली. तिकीट काढायचं राहून गेलं.

त्यानंतर अण्णांचं सुरू झालं. म्हातारपणी माणूस चष्मा विसरतो, गोळ्या विसरतो, ते चालतं. अण्णा माणसंच विसरायला लागले. मला रोज नव्यानं नाव विचारायचे. मी रोज नव्यानं सांगायचे, मी पद्मजा, समोरची. नेत्राला ते ‘बाई’ म्हणायचे, जणू ती कुठल्या ऑफिसात बसलेली आहे. भूषण तेवढा भूषण राहिला होता. कामावरून आला की अण्णा दारातच म्हणायचे, “आला का भूषण?” बाकीचं सगळं गेलं तरी चालेल, हे एवढं राहू दे, असं तो एकदा जिन्यात मला म्हणाला होता. त्या एका हाकेवर तो पोरगा दिवस ढकलत होता.

संध्याकाळ झाली की अण्णांना घरी जायचं असायचं. घरातच बसून म्हणायचे, मला घरी सोडा. दार उघडं दिसलं की निघाले. एकदा तर रिक्षात बसून पार एमआयडीसीत पोचले आणि बंद पडलेल्या आपल्या जुन्या कंपनीच्या गेटवर ड्युटी मागत उभे राहिले. तिथल्या वॉचमननं ओळखलं म्हणून सापडले. नेत्रा त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून खूप रडली. मी चहा करून देण्यापलीकडे काय करणार होते.

मग एका संध्याकाळी भूषणनं कंटाळून आपला विमानाचा व्हिडिओ लावला, तर अण्णा येऊन खुर्चीत बसले. शांत. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. विमान वर चढलं, ढगात गेलं, ढगांच्या वर आलं, तसे अण्णांचे डोळे लुकलुकायला लागले. “भूषण, चाललो का आपण?” भूषण म्हणाला, “चाललो अण्णा.” कुठं, ते त्यांनी विचारलं नाही.

तेव्हापासून आमच्या तिसऱ्या मजल्यावर रोज विमान उडायला लागलं. अण्णा पंचा कमरेभोवती घेऊन खुर्चीच्या हाताला बांधायचे, तो त्यांचा बेल्ट. ज्या नादाला नेत्रानं इतकी वर्षं शिव्या घातल्या तोच नाद घर सांभाळायला लागला. अण्णांनी मधेच उठून बाहेर जाऊ नये म्हणून भूषणनं त्यांना एक गोष्ट पढवून ठेवली होती. विमान खाली उतरेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. उठलं तर विमान कलंडतं. बायकोचं नाव विसरलेल्या अण्णांनी हे मात्र पक्कं धरून ठेवलं.

माणसाला सोय झाली की तो सोकावतो. नागपूरचं विमान तास-दीड तासात उतरायचं, मग अण्णा परत दाराकडे. म्हणून भूषण लांबची विमानं लावायला लागला. लंडन, टोकियो, काय काय. अण्णा दिवस दिवस आकाशातच. पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टरांनी भूषणला झाप झाप झापलं, दर तासा-दोन तासांनी उठवून चालवलंच पाहिजे, नाहीतर पायात रक्ताची गाठ होईल म्हणाले. पुन्हा नागपूर सुरू झालं. ते उतरलं की अण्णांना उठवायचं, संडासला न्यायचं, पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारायच्या, मग दुसरं विमान.

त्या शुक्रवारी भूषण घरी होता. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारची आणि आमच्याकडे वीज मंडळाला दुरुस्तीची हुक्की येते तीही शुक्रवारीच. एरवी मेसेज येतो, त्या दिवशी आला नाही. अण्णा नाश्ता करून बसलेले, विमान चांगलं ढगांच्या वर, आणि लाइट गेली.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. अण्णाही म्हणाले, “ढगात शिरलं वाटतं.” पण लाइट येईना. दुपार व्हायला आली. खाली विचारलं तर चारशिवाय येत नाही म्हणाले. अण्णा खुर्चीत चुळबुळ करायला लागले. त्यांना लघवीला जायचं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण उठायला तयार नाहीत. भूषणनं मोबाइलवर व्हिडिओ लावून समोर धरला. अण्णांनी तो बाजूला सारला. “माझी खिडकी बंद झालीय, आणि हे काय एवढंसं दाखवताय?”

नेत्रानं मला हाक मारली. मी गेले ती माझ्या नेहमीच्या आवाजात, “अण्णा, चला उठा बघू, जेवायची वेळ झाली.” अण्णा घाबरून म्हणाले, “बाई, उभ्या राहू नका. बसून घ्या, बेल्ट लावा.” मी बसले. काय करता, माणूस इतक्या कळवळ्यानं सांगत होता.

शेवटी तिघांनी मिळून उचलायचं ठरवलं. भूषणनं काखेत हात घातले, आम्ही दोघींनी पाय धरले. अण्णांनी खुर्चीचे हात असे घट्ट पकडले की बोटं पांढरी पडली, आणि ते ओरडायला लागले, “ढकलू नका. मला खाली ढकलू नका. माझा पोरगा आहे, तो तुम्हाला सोडणार नाही.” आम्ही एकदम हात काढले. भूषण भिंतीला टेकून उभा राहिला. आपलेच दात, आपलेच ओठ. उठू नये म्हणून यानंच शिकवलं होतं, आता उठावं म्हणून कुणाला सांगणार?

थोड्या वेळानं तो एक स्टूल ओढून अण्णांच्या शेजारी बसला. डोळे मिटले आणि हळू आवाजात सुरू झाला. “अण्णा, खाली यायला लागलोय. कानाला दडे बसतील, थुंकी गिळा.” अण्णांनी गिळली.

“मुंबईला गर्दी आहे. आपल्याला बदलापूरलाच उतरवतायत.”

“कुठं? इथं जागा कुठंय?”

“बेलवलीच्या मैदानात. माळशेजचे डोंगर गेले बघा खालून. आता बारवीचं धरण. पाणी कसं चमकतंय. ती वाकडी रेघ दिसते ना, ती उल्हास नदी. पंख थोडा खाली गेला, वळतोय आपण. समोर मलंगगड.”

तो बोलत होता तसं मलाही दिसायला लागलं, खोटं कशाला सांगू. पंखाच्या फळ्या उघडताना मोटर कशी घुरघुरते तो आवाज त्यानं घशातून काढला. चाकं बाहेर आल्यावर खालून कसा धाडकन आवाज होतो, तोही काढला. इतक्या वर्षांचं बघणं सगळं त्या आवाजात उतरलं होतं. मग डोळे न उघडताच त्यानं आम्हा दोघींना हातानं खूण केली. आम्ही खुर्चीच्या पाठीमागं गेलो. “झाडं आली. बिल्डिंगांचे पत्रे आले. कुणीतरी गच्चीवर पापड वाळत घातलेत. आता, अण्णा, घट्ट धरा,” म्हणाला, आणि नेत्रानं आणि मी मिळून ती खुर्ची गदागदा हलवली. मला हसूही येत होतं आणि छातीत दुखतही होतं.

“उतरलो,” भूषण म्हणाला. “या आता.”

अण्णांनी पंचा सोडला. आपणहून उठले, भिंत धरत संडासला गेले आणि आले. नेत्रा तोंडाला पदर लावून हसत होती. मी भूषणच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पायलट, मानलं तुला.” कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा फुललेला दिसला.

अण्णा बाहेर आले ते सरळ त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“जयभीम साहेब. फार सांभाळून आणलंत.”

भूषण हसला. “अण्णा, अहो मी...”

“माझ्या पोराला दाखवायला पायजे होतं. त्याला लई नाद विमानाचा. तोच नेणार होता आम्हाला.” अण्णांनी खोलीभर नजर फिरवली, आमच्या दोघींवरून, दारावरून. “तो नाही उतरला?”

नेत्राचा पदर तोंडावरच राहिला.

“वरच राहिला असंल,” अण्णा म्हणाले. “खिडकीत बसला की त्याला कशाचं भान राहत नाही. त्याची आई हाका मारून दमायची.”

भूषणचा चेहरा मला बघवला नाही. अण्णांच्या मनात टोचून बोलायचं काही नव्हतं. ते आपल्या पोराचं कौतुकच सांगत होते एका परक्या माणसाला. मग ते खुर्ची ओढत ओढत दारात घेऊन गेले आणि जिन्याकडे तोंड करून बसले. भूषण आल्याशिवाय जेवणार नाही म्हणाले.

“अण्णा, हा काय भूषण, तुमच्यासमोर,” मी म्हणाले. अण्णांनी माझी कीव केल्यासारखं पाहिलं.

भूषणनं खुंटीवरची ड्युटीची सॅक घेतली, चपला घातल्या आणि जिना उतरून खाली गेला. मला वाटलं, रडायला गेला. थोड्या वेळानं पावलं वाजवत वर आला, सॅक खांद्यावर, अगदी रोज कामावरून येतो तसा. दारात येऊन उभा राहिला. “अण्णा, आलो मी.”

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि परत हात जोडले.

“साहेब, तुम्ही आमच्यासाठी पुन्हा चढून आलात? वर आमचा भूषण दिसला का?”

नेत्रा आत निघून गेली.

“दिसला,” भूषण म्हणाला. “येतोय मागून.”

“मग थांबू या थोडं. तुम्हाला घाई नाही ना?”

“नाही.”

मी आतलं स्टूल आणून त्याला दिलं. सॅक मांडीवर घेऊन तो अण्णांच्या शेजारी बसला. चारच्या सुमाराला लाइट आली, घरोघरचे पंखे फिरायला लागले. त्या दोघांतलं कुणी उठलं नाही. जिन्याकडे बघत दोघंही भूषणची वाट बघत बसले होते.